पारावरचा लांडगा

शाळेतल्या गोष्टीत लांडगा अखेरीस एकदाच येतो आणि मेंढपाळाचा मुलगा मात्र त्याआधीपासून ‘लांडगा आला रे आला’ म्हणून पुन्हापुन्हा ओरडत असतो; दख्खनच्या माळावर हे प्रमाण नेमके उलटे असून तिथे लांडगा वरचेवर येतो आणि मेंढपाळ सहसा ओरडतच नाही. ओरडण्याचे, सांगण्याचे, वाढवून सांगण्याचे आणि त्यावर मत देण्याचे काम तिथे ज्यांच्या दावणीला एकही मेंढरू नाही अशी मंडळी पाहतात. इसापाने इंदापूर, करमाळा किंवा कर्जत तालुक्यात एखादा उन्हाळा काढला असता, तर ही गोष्ट त्याने बहुधा वेगळी रचली असती आणि तिचे तात्पर्य मेंढपाळाच्या पोराऐवजी पारावर बसणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या पदरात घातले असते. लांडगा दिसल्यावर गाव काय करते, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे. लांडगा काय करतो हा प्रश्न त्यामानाने सोपा आहे, कारण तो निघून जातो.

या प्राण्याची ओळख आधी करून देणे इष्ट, कारण पुढे जे घडते ते बहुतांशी ओळख नसल्यामुळेच घडते. मुंबई सरकारच्या चाकरीत दख्खनची आकडेवारी गोळा करणारे कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी १८३१ मध्ये येथील सस्तन प्राण्यांची जी यादी प्रसिद्ध केली, तिच्यात माळावरच्या लांडग्याला ‘पॅलिपीस’, म्हणजे फिकट पायांचा, असे शास्त्रीय नाव दिले आणि ते आजही चालू आहे. साइक्स यांना पायांचा रंग निवांतपणे न्याहाळता आला, यावरूनच ते बघ्यांच्या गर्दीत उभे नव्हते हे सिद्ध होते; कारण गावकऱ्याला लांडगा दिसतो तेव्हा त्याचे पाय गवतात असतात आणि गावकऱ्याचे स्वतःचे पाय जमिनीवर ठरत नाहीत. हा लांडगा खांद्यापाशी माणसाच्या गुडघ्याहून थोडासाच उंच असतो आणि त्याचे वजन वीस किलोच्या आसपास, म्हणजे ज्वारीच्या एका कट्ट्याच्या निम्म्याहूनही कमी भरते. जनुकीय अभ्यासांनुसार तो जगातल्या लांडग्यांच्या अतिप्राचीन शाखांपैकी एका शाखेचा वारस आहे, परंतु इतक्या खानदानी प्राण्याला पाहून बहुतेकांच्या तोंडून निघणारा पहिला उद्गार ‘लई बारकं हाय की!’ असाच असतो.

त्याच्या संख्येविषयीही येथेच सांगून टाकले पाहिजे. भारतात वाघांची संख्या २०२२ च्या गणनेनुसार सरासरी ३,६८२ धरली जाते, तर लांडग्यांचे अंदाज तीन हजारांच्या घरात घोटाळतात. म्हणजे लांडगा वाघाहून दुर्मीळ ठरण्याची शक्यता अधिक आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यालाही वाघाच्याच पंक्तीला, पहिल्या अनुसूचीत, बसवले आहे. पंक्ती एक असली तरी वाढप वेगळे आहे. वाघ पाहण्यासाठी माणसे महिनाभर आधी जीप ठरवून, हिरवट कपडे शिवून, पहाटे चार वाजता कुडकुडत जातात आणि तो न दिसल्यास ‘जंगल तर पाहिले’ असे समाधान मानतात. लांडगा फुकट, घराजवळ आणि दिवसाउजेडी दिसला, तर तीच माणसे दगड शोधू लागतात. ही सवय जुनी आहे. ब्रिटिश अमलात लांडग्याच्या डोक्याला सरकारी बक्षीस होते आणि १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत सुमारे दोन लाख लांडगे मारले गेले असावेत, असा इतिहासकार महेश रंगराजन यांचा अंदाज आहे. बक्षीस बंद होऊन जमाना लोटला, दगड मात्र चालू राहिला.

लांडग्याचा पत्ता हाही घोटाळ्याचाच विषय आहे. तो राहतो माळावर. माळ म्हणजे पाऊस बेताचा, माती पातळ, झाडे तुरळक आणि गवत भरपूर अशी मोकळी जमीन, जिच्यावर काळवीट, चिंकारा, ससे आणि मेंढरे यांचे पोट चालते. अशा जमिनीची शासनदरबारी नोंद बहुधा ‘पडीक’ अशी होते आणि देशभरातील पडीक जमिनींचे नकाशे तर केंद्र सरकार पुस्तकरूपाने प्रसिद्ध करते. त्यामुळे लांडगा हा कागदोपत्री अशा ठिकाणी राहतो जिथे काहीच नसते. महाराष्ट्रात त्याच्यासाठी अभयारण्ये नाहीत असे नाही, परंतु ती दुसऱ्यांच्या नावावर आहेत. सोलापूरजवळचे नान्नज माळढोक पक्ष्यासाठी, कर्जत तालुक्यातले रेहेकुरी काळविटासाठी आणि सुप्याचे मयुरेश्वर चिंकाऱ्यासाठी प्रसिद्ध आहे. यांपैकी माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये घोषित झाले तेव्हा त्याचा विस्तार तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर होता आणि त्यात गावे, बाजार, उसाचे फड असे सारेच मावले होते. पुढे २०१२ मध्ये ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणण्यात आले. या काटछाटीत आपण कोणत्या दिवशी अभयारण्याबाहेर पडलो याची लांडग्याला कल्पना नाही, आणि आत असताना तरी ती कितपत होती हे सांगणे अवघड आहे.

अशा या कमी वजनाच्या, मोठ्या कुळाच्या आणि बिनपत्त्याच्या प्राण्याची गावकऱ्याशी गाठ पडली की प्रतिसादाच्या ठरावीक अवस्था दिसून येतात. पहिल्या अवस्थेला ‘इन्काराची अवस्था’ म्हणता येईल. पहाटे दुधाच्या किटल्या मोटारसायकलला अडकवून डेअरीकडे निघालेल्या माणसाच्या दिव्याच्या झोतातून एक करड्या रंगाचे जनावर आडवे जाते, रस्त्याच्या कडेला क्षणभर थांबून मागे वळून पाहते आणि बोरीबाभळीत शिरते. या वेळी मनुष्याच्या मनात येणारा विचार ‘लांडगा’ हा नसून ‘कुत्रं’ हा असतो, कारण माणसाला जे रोज दिसते तेच तो अंधारातही पाहतो. पुढचे अर्धा किलोमीटर अंतर तो कुत्र्याच्याच कल्पनेवर कापतो, आणि मग कुठेतरी ओढ्याच्या उतारावर त्याच्या लक्षात येते की ते जनावर भुंकले नव्हते, गाडीमागे धावले नव्हते आणि त्याचे शेपूट वर वळलेले नव्हते. गाडीमागे न धावणारे कुत्रे ही गोष्ट ग्रामीण महाराष्ट्रात इतकी अस्वाभाविक आहे की, केवळ तेवढ्या एका लक्षणावरून वन्य प्राण्याचे निदान करता यावे.

शेपटाचा मुद्दा येथे थोडा उलगडून सांगण्याजोगा आहे. कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, ही म्हण मराठी माणसाने आजवर फक्त नातेवाइकांच्या स्वभावासाठी वापरली. वास्तविक ती प्राणिशास्त्राच्या पुस्तकात ओळखखूण म्हणून छापण्याच्या योग्यतेची आहे. गावठी कुत्र्याचे शेपूट पुष्कळदा वर वळते, तर लांडग्याचे शेपूट सरळ असून चालताना खाली लोंबते. त्याचे पाय अंगाच्या मानाने लांब असतात, कान ताठ उभे असतात, आणि उकिरडा दिसला की रेंगाळणाऱ्या कुत्र्यासारखा तो वाट वाकडी न करता कामाला निघालेल्या माणसासारखा एका रेषेत दुडक्या चालीने जातो. म्हणजे नळीचा प्रयोग न करताही ज्याचे शेपूट सरळ, तो लांडगा, इतकी सोपी ही परीक्षा आहे. परंतु म्हणी पाठ असणे आणि त्या प्रसंगी आठवणे या दोन वेगळ्या गोष्टी असल्याने बहुतेक लांडगे आजन्म कुत्रे म्हणूनच पाहिले जातात आणि बहुधा त्यामुळेच ते जगतात.

दुसरी अवस्था ‘वृद्धीची’ असून तिचा प्रारंभ डेअरीवर होतो. पाहिलेला प्राणी आणि सांगितलेला प्राणी यांच्या आकारात जो फरक पडतो, तो पाहण्याच्या जागेपासून सांगण्याच्या जागेपर्यंतच्या अंतराशी समप्रमाणात असतो, असा एक नियम येथे मांडता येईल. ओढ्याच्या उतारावर जे ‘कुत्र्याएवढं’ होते ते डेअरीवर ‘कुत्र्यापेक्षा मोठं’ होते, चहाच्या टपरीवर ‘वासराएवढं’ भरते, आणि दुपारी पारावर पोचेपर्यंत ते एकटेही राहत नाही, त्याच्यामागे आणखी चार उभे राहतात. दख्खनमधील लांडग्यांचे कळप लहान असतात. एक नर, एक मादी आणि त्यांची मागच्या वेतातील पिल्ले असे साधारण कौटुंबिक स्वरूप असल्यामुळे चार-पाच जणांचा घोळका दिसणे अशक्य नाही. तथापि पारावरच्या लांडग्यांची वाढ ही कुटुंबपद्धतीने होत नसून चहाच्या फेऱ्यांनुसार होते. यात खोटे बोलण्याचा हेतू असतोच असे नाही. मनुष्याला दचकल्याची लाज वाटते, आणि आपण कुत्र्याएवढ्या प्राण्याला दचकलो असे सांगण्यापेक्षा प्राणी दचकण्याएवढा करणे हे त्याला अधिक प्रामाणिक वाटते.

तिसरी अवस्था ‘वर्गीकरणाची’ आहे आणि या लेखातील सर्वांत समृद्ध सामग्री तिच्यातच सापडते. पार म्हणजे गावातल्या वडाभोवतीचा किंवा पिंपळाभोवतीचा दगडी ओटा. त्यावर बसण्यासाठी वय हीच अर्हता लागते आणि तेथे झालेल्या निर्णयावर अपील नसते. ज्याने प्राणी पाहिला त्याला येथे फक्त साक्षीदाराचे स्थान असते, तज्ज्ञ ते असतात ज्यांनी तो पाहिलेला नसतो.

“कुत्रंच आसंल रं,” असे एक आण्णा प्रारंभीच जाहीर करतात.

“न्हाय आण्णा, शेपूट खाली हुतं,” साक्षीदार सांगतो.

“मंग तरस.”

“तरसाचं पुढलं अंग उंच आसतंय, ह्येचं सारखं हुतं.”

“तू दिव्यात बघितलंस का पट्टी लावून बघितलंस?” या उलटतपासणीने साक्षीदार गप्प होतो.

त्यानंतर उमेदवारांची यादी क्रमाने पुढे येते. तरस हा पट्ट्यापट्ट्यांचा, मागच्या बाजूला उतरता, मुख्यतः मेलेल्या जनावरांवर जगणारा प्राणी. कोल्हा हा लांडग्याहून पुष्कळ लहान आणि उसाच्या, द्राक्षांच्या कडेने राहणारा. खोकड त्याहूनही लहान, शेपटाला काळे टोक असलेले. आणि कोळसुंदा म्हणजे तांबूस रंगाचा रानकुत्रा, जो सह्याद्रीच्या दाट जंगलात राहतो आणि माळावर येण्याचे त्याला काही कारण नाही. या प्रत्येकाला पारावर किमान एकेक मत पडते. कोळसुंद्याला मत देणाऱ्याने कोळसुंदा पाहिलेला नसतो, परंतु त्याच्या आज्याने पाहिला होता, आणि आज्याच्या साक्षीला पारावर श्रुतीचा दर्जा असतो. ही चर्चा दीडेक तास चालल्यावर बाहेरगावाहून आलेला आणि आतापर्यंत तंबाखू मळत बसलेला एखादा पाहुणा “आमच्याकडं परवा बिबट्या निघाला हुता,” असे सहज बोलून जातो, आणि त्या एका वाक्यासरशी मागची सर्व मते रद्द होऊन बिबट्या बिनविरोध निवडून येतो.

बिबट्याची ही सरशी समजून घेण्यासारखी आहे. जुन्नरच्या उसात बिबटे खरोखरच राहतात, वर्तमानपत्रात त्यांचे फोटो येतात, त्यांच्यासाठी पिंजरे लागतात आणि पिंजरा पाहायला आमदार येतात. लांडग्यासाठी यांतले काहीही होत नाही. एखाद्या गावाला वन्य प्राणीच मिळायचा असेल, तर तो प्रतिष्ठेचा मिळावा अशी इच्छा अस्वाभाविक म्हणता येत नाही. अशा रीतीने लांडग्याच्या वाट्याला एक चमत्कारिक दैव आले आहे: तो समोर उभा असतो तेव्हा कुत्रा ठरतो, आणि निघून गेल्यावर बिबट्या. लांडगा म्हणून त्याला जगण्यास मधली केवळ अर्ध्या किलोमीटरची जागा मिळते.

चौथ्या अवस्थेत प्राणी मोबाइलमध्ये शिरतो. गावच्या व्हॉट्सअॅप गटावर सायंकाळपर्यंत ‘आपल्या शिवारातील’ म्हणून जे छायाचित्र फिरू लागते, त्यातील लांडगा पुष्कळदा पांढराशुभ्र, झुबकेदार आणि तगडा असतो, आणि त्याच्या पाठीमागे बर्फ पडलेला दिसतो. बार्शी किंवा माढा तालुक्यात बर्फ कधीपासून पडू लागला, असा प्रश्न कोणी विचारत नाही. उलट त्या छायाचित्राखाली ‘सर्वांनी काळजी घ्यावी, पोरांना एकटे सोडू नये’ असा मजकूर येतो, त्याखाली हात जोडल्याची चिन्हे येतात आणि त्याखाली कोणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा सुरू होतात. गावात आडनावाने लांडगे असलेली एखादी भावकी असल्यास ‘लांडगे आले आहेत’ या निरोपाचा वेगळाच अर्थ लागून घरोघरी चहा टाकला जाण्याचाही संभव असतो.

ही भीती पूर्णतः निराधार आहे असे मात्र म्हणता येणार नाही, आणि येथे विनोद क्षणभर बाजूला ठेवला पाहिजे. पूर्व उत्तर प्रदेशात १९९६ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये बहराइच जिल्ह्यात लांडग्यांच्या हल्ल्यांत लहान मुले दगावली. पिसाळलेला, म्हणजे रेबीज झालेला, लांडगा माणसाची भीड बाळगत नाही आणि त्याचा चावा ही तासातासाची निकड असते; जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुणे आणि तातडीने लस घेणे याला पर्याय नाही. निरोगी लांडगा दख्खनच्या माळावर माणसापासून अंतर राखूनच वावरतो, आणि म्हणूनच अंगावर चालून येणाऱ्या लांडग्याची बातमी आणि रस्ता ओलांडणाऱ्या लांडग्याची बातमी या दोहोंत फरक करणे आवश्यक ठरते. गडबड अशी की पारावर या दोन्ही बातम्यांना एकाच मापाचा आवाज लागतो, त्यामुळे ज्या दिवशी खरोखर ओरडायला हवे त्या दिवसासाठी वरची पट्टी शिल्लक राहत नाही.

पाचवी अवस्था प्रशासकीय आहे आणि तिचा प्रारंभ मेंढरू मेल्यानंतर होतो. महाराष्ट्रात वन्य प्राण्याने पाळीव जनावर मारल्यास शासन नुकसानभरपाई देते आणि त्या प्राण्यांच्या यादीत वाघ, बिबट्या, अस्वल यांच्याबरोबर लांडग्याचेही नाव आहे. भटक्या कुत्र्याचे नाव तिच्यात नाही. या एका तरतुदीमुळे जे गाव काल सकाळी ‘कुत्रंच’ म्हणत होते, ते आज पंचनाम्याच्या वेळी एकमुखाने लांडग्याच्या बाजूने उभे राहते. पंचनामा म्हणजे पंचांसमक्ष घटनास्थळाची केलेली लेखी नोंद. तिच्यासाठी ठरावीक मुदतीत वनखात्याला कळवावे लागते, मृत जनावर जागचे हलवायचे नसते, आणि वनरक्षक व पशुवैद्यक यांनी जखमा पाहून मारेकरी कोण हे ठरवायचे असते. ही सर्व रचना तर्कशुद्ध आहे आणि तिच्यात एकच उणीव आहे: लांडगा कोकरू उचलून नेतो. कोकरू म्हणजे मेंढीचे पिल्लू, आणि दहा-बारा दिवसांचे कोकरू तोंडात धरून लांडगा कोस-दीड कोस सहज जातो. मागे जखमा राहत नाहीत, कलेवर राहत नाही, आणि जागचे न हलवण्याचा नियम पाळायला जागेवर काही उरतच नाही. इतर गुन्हेगार पुरावा दडवतात, लांडगा तो खातो.

त्यात मेंढपाळ स्वतःही जागचा राहणारा नसतो. पावसाळा संपला की धनगरांचे वाडे माळावरून निघतात; वाडा म्हणजे येथे घर नसून एकत्र फिरणाऱ्या बिऱ्हाडांचा तांडा, ज्यात घोड्यावर संसार, संसारावर कोंबड्या आणि कोंबड्यांशेजारी चालू न शकणारी कोकरे बांधलेली असतात. शेतकऱ्याच्या रानात दोन-चार रात्री मेंढरे बसवायची, लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा रोकड घ्यायची आणि पुढच्या गावाला लागायचे, असा हा क्रम असतो. अशा माणसाने एका तालुक्यात मेलेल्या मेंढीसाठी तिथेच दोन दिवस थांबायचे ठरवले, तर उरलेल्या दोनशे मेंढरांनी त्या दोन दिवसांत काय खायचे, या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही अर्जाच्या नमुन्यात सापडत नाही. म्हणून तो बहुधा अर्ज करत नाही, आणि अर्ज नसल्यामुळे त्या तालुक्यात लांडगा नाही असे आकडेवारीवरून सिद्ध होते.

मेंढरू, लांडगा आणि शिक्षा यांचे हे त्रांगडे नवे नाही, हे दाखवण्यासाठी थेट ऋग्वेदाचा आधार देता येतो. त्याच्या पहिल्या मंडलात ऋज्राश्व नावाच्या एका मुलाचा उल्लेख आहे. त्याने एका वृकीसाठी, म्हणजे लांडग्याच्या मादीसाठी, एकशेएक मेंढे कापले आणि या उदारपणाबद्दल त्याच्या बापाने त्याला आंधळे केले. पुढे अश्विनीकुमारांनी त्याला दृष्टी दिली, आणि विशेष म्हणजे त्याच्यासाठी देवांकडे दाद मागायला ती वृकीच उभी राहिली. भरपाईच्या आजच्या प्रकरणांत देवही आहेत आणि अर्जही आहेत, पण लांडगीने येऊन साक्ष दिल्याचे एकही उदाहरण नोंदलेले नाही. महाभारतात तर भीमाला वृकोदर, म्हणजे लांडग्याचे पोट असलेला, असे बिरुद आहे; त्यावरून प्राचीनांना लांडग्याच्या भुकेविषयी आदर होता असे दिसते. अर्वाचीन मराठीने मात्र त्याच भुकेवरून ‘लांडगेतोड’ असा शब्द घडवला आणि तो प्रामुख्याने ठेके, टक्केवारी व वाटणी यांच्यासाठी राखून ठेवला. माळावरचा लांडगा शिकार करून आला की पोटातले अन्न ओकून पिल्लांपुढे ठेवतो. ठेक्यातून पोट भरलेल्या कोणाविषयी अशी वागणूक अद्याप ऐकिवात नाही.

आता राहिला तो एकच मनुष्य, ज्याचे खरोखर नुकसान होते आणि ज्याचा आवाज या सर्व अवस्थांत कोठेही ऐकू आला नाही. रात्री वाडा उतरतो तेव्हा मेंढरांभोवती वाघर लावली जाते. वाघर म्हणजे खुंट्यांवर ताणून उभी करायची दोरांची जाळी. तिच्या नावात वाघ दिसत असला तरी तिचे नाते जाळे या अर्थाच्या ‘वागुरा’ या संस्कृत शब्दाशी आहे आणि व्यवहारात ती वाघाऐवजी लांडग्यासाठी असते. तिच्या बाहेर चार कोपऱ्यांना चार माणसे घोंगडी अंथरून निजतात, निजतात म्हणजे पडून राहतात, आणि मेंढरांच्या नेहमीच्या रवंथात बारीकसा खंड पडला तरी त्यांपैकी एकाला जाग येते. कळपाच्या एका कडेची मेंढरे उठून दुसऱ्या कडेला दाटली की तो उठून बसतो, कारण मेंढरे ज्या दिशेपासून सरकतात ती दिशा लांडग्याची असते. तो बॅटरी लावत नाही, गावाला उठवत नाही, कोणते जनावर याची चर्चा करत नाही. उशाची काठी जमिनीवर एकदा आपटतो आणि अंधाराला उद्देशून ‘हाड’ म्हणतो. सकाळी मोजणीत एक कोकरू कमी भरले तर म्हातारी चुलीपुढून “त्येचं त्येनं न्येलं,” एवढेच बोलते, आणि घोड्यावर ओझे चढू लागते. या बोलण्यात प्रेम शोधण्याचे कारण नाही, कारण तिच्या दृष्टीने तो खरोखर तोटा आहे. परंतु पाऊस, जंत, रस्त्यावरचा ट्रक आणि व्यापारी यांच्याकडून होणाऱ्या तोट्यांच्या रांगेत ती लांडग्याला त्याच्या जागी उभा करते, पुढे काढत नाही.

त्या ‘हाड’ शब्दाकडे विद्वानांचे लक्ष जायला हवे होते. कुत्र्याला हाकलण्याचा हा शब्द आहे आणि मेंढपाळ तोच लांडग्याला वापरतो. लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५८ मध्ये कुत्रा आणि लांडगा यांना दोन स्वतंत्र जाती ठरवले. विसाव्या शतकाच्या अखेरीस अनेक प्राणिशास्त्रज्ञांनी कुत्र्याला पुन्हा लांडग्याच्याच जातीत आणून बसवले. आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासाने पुण्याच्या परिसरात कुत्रा आणि लांडगा यांचा संकर झाल्याचे दाखवून दिले, ज्याची अभ्यासकांना रास्त काळजी वाटते, कारण गावोगावच्या उकिरड्यांवर पोसलेली कुत्री अशीच मिसळत राहिली तर इतकी जुनी शाखा पातळ होत जाईल. म्हणजे पारावरचे आण्णा ‘कुत्रंच आसंल’ म्हणाले ते अगदीच चूक नव्हते असे मान्य करण्याची वेळ शास्त्रावर आली आहे, आणि हे आण्णांना कळू न देणे हे गावाच्या शांततेसाठी आवश्यक आहे.

अलीकडे या कथेला आणखी एक पात्र मिळाले आहे. इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी आणि बारामती तालुक्यातील शिर्सुफळ येथे वनविभागाने गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली असून शहरातील माणसे शुल्क भरून, दुर्बिणी घेऊन लांडगा पाहायला येतात. तो न दिसल्यास त्यांना हळहळ वाटते, दिसल्यास ती कुजबुजतात, आणि दोन्ही प्रसंगी बांधावर उभा असलेला स्थानिक मनुष्य त्यांच्याकडे ज्या कुतूहलाने पाहतो, तसे त्याने आजवर लांडग्याकडेही पाहिलेले नसते. फुकट दिसणाऱ्या गोष्टीला पैसे पडू लागले म्हणजे ती जपावीशी वाटते, हा बाजाराचा नियम माळालाही लागू पडला तर ते लांडग्याच्या हिताचेच ठरेल. फक्त त्या पावतीतला काही हिस्सा मेंढरू गमावणाऱ्या वाड्यापर्यंत पोचावा, एवढी अपेक्षा ठेवायला हरकत नाही.

दरम्यान माळावर रात्र होते, वाघर लागते, मेंढरे एका कडेची दुसऱ्या कडेला सरकतात आणि काठी एकदा जमिनीवर आपटते. लांडगा काही वेळ उभा राहतो, मग ज्या रेषेत आला त्याच रेषेत ओढ्याकडे उतरतो. मेंढपाळ घोंगडी डोक्यावरून ओढून घेतो. पलीकडच्या वस्तीवर मात्र पाण्याची मोटर चालू करायला उठलेल्या कोणीतरी ते ‘हाड’ ऐकलेले असते, आणि सकाळी चहाच्या टपरीवर पोचेपर्यंत त्याचा बिबट्या झालेला असतो.